हायड्रॉक्सिल मूलकाच्या मापनपद्धती आणि एकवाक्यतेचा प्रश्न

दोन उपकरणांनी एकच आकडा दाखविला म्हणजे तो आकडा खरा, असे मानण्याकडे शास्त्रीय वृत्तांतांच्या वाचकाचा स्वाभाविक कल असतो. मोजावयाची वस्तू जेथे हाताळता येते, बाटलीत भरून ठेवता येते आणि शंका आल्यास पुन्हा तपासता येते, तेथे हा कल फारसा अपायकारक ठरत नाही. परंतु वातावरणातील अतिक्रियाशील मूलकांच्या बाबतीत यांपैकी एकही सोय नाही. तेथे आकड्यामागे वस्तू दाखविता येत नाही. एका आकड्याच्या समर्थनार्थ दुसरा आकडाच उभा करावा लागतो. त्यामुळे या क्षेत्रात मापनपद्धतींच्या तुलनेला जे महत्त्व आले आहे ते अन्यत्र क्वचितच आढळेल. आणि त्यामुळेच त्या तुलनांचे वृत्तांत कोणत्या शब्दांत लिहिले गेले व कसे वाचले गेले, हा प्रश्न केवळ रसायनशास्त्रज्ञांपुरता उरत नाही. साक्षींच्या एकवाक्यतेवरून मूळ वस्तूचे अनुमान करणे हा पाठचिकित्सेचा आणि तौलनिक भाषाशास्त्राचा जुना व्यवसाय आहे. त्या व्यवसायात जे दोष फार पूर्वी ओळखले गेले, तेच येथे नव्या वेषात वावरताना दिसतात.

प्रस्तुत विवेचनात हायड्रॉक्सिल हे मूलक प्रमुख धरले आहे. ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचा एक अणू एवढाच त्याचा संसार. पण त्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असल्यामुळे ते भेटेल त्या रेणूशी विक्रिया करू पाहते. १९७१ साली हायरम लेव्ही यांनी असे प्रतिपादन केले की, स्वच्छ हवेतही ओझोनवर सूर्याचे अतिनील किरण पडून जो उत्तेजित ऑक्सिजन अणू सुटतो, तो पाण्याच्या वाफेशी विक्रिया पावतो आणि त्यातून हे मूलक दिवसभर निर्माण होत राहते. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, वृक्षांनी सोडलेले आयसोप्रीन इत्यादींच्या ऑक्सिडीकरणाचा प्रारंभ मुख्यत्वे हेच मूलक करते. मिथेनचा रेणू हवेत सरासरीने नऊ-दहा वर्षे टिकतो; ही मुदत प्राधान्याने हायड्रॉक्सिलच्या प्रमाणावर ठरते. स्वतः हायड्रॉक्सिल मात्र बहुधा सेकंदभरही टिकत नाही. भर दुपारी एका घन सेंटिमीटर हवेत त्याचे दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत रेणू आढळतात. दहा लाख ही संख्या मोठी भासते खरी, परंतु जमिनीलगतच्या हवेतील एकूण रेणूंशी तिचे प्रमाण काढल्यास ते सुमारे २५ लाख कोटी रेणूंमागे एक इतके भरते. नमुना म्हणून नळीतून ओढून घ्यावे, तर नळीच्या भिंतीवर आदळताच ते नाहीसे होते.

अशा वस्तूची साक्ष काढण्याच्या तीन रीती आज प्रमुख मानल्या जातात. पहिली शोषणाची. हायड्रॉक्सिल ३०८ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश काही ठराविक, अरुंद रेषांवर शोषून घेते. लेसरचा किरण हवेतून पुरेसा दूरवर नेला, तर या रेषा वर्णपटात अंधुक खाचांच्या रूपाने उमटतात. पर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या मार्गाने हवेतील हायड्रॉक्सिलचे मापन प्रसिद्ध केले. पुढे जर्मनीतील युलिश येथे समोरासमोर ठेवलेल्या आरशांच्या दरम्यान किरण पुनःपुन्हा फिरवून दोन किलोमीटरांच्या आसपासचा प्रकाशमार्ग मोजक्या जागेत बसविण्यात आला. या रीतीचे वैशिष्ट्य असे की, तिला ज्ञात प्रमाणाच्या हवेवर पारखून घेण्याची गरज पडत नाही; मार्गाची लांबी आणि रेणूची शोषणक्षमता ठाऊक असली म्हणजे पुरे. शिवाय एका रेषेवरून नव्हे, तर अनेक रेषांच्या विशिष्ट ठेवणीवरून ओळख पटत असल्याने तोतया घुसण्याची भीती कमी. मात्र उपकरण अवजड व खर्चाचे असते आणि एका मापनास वेळ लागतो. जगात अशी उपकरणे अगदी मोजकी झाली.

दुसरी रीत अनुस्फुरणाची, म्हणजे लेसरने उत्तेजित केलेला रेणू जो प्रकाश स्वतः परत टाकतो तो टिपण्याची. १९७० नंतरच्या पहिल्या प्रयोगांत २८२ नॅनोमीटरचा लेसर थेट बाहेरच्या हवेत वापरला जाई. त्यातील वैगुण्य लवकरच ध्यानात आले: तो लेसरच हवेतील ओझोन फोडून, सूर्य जे करतो तेच करून, नवे हायड्रॉक्सिल निर्माण करीत होता आणि मग त्याचीच मोजदाद करीत होता. १९८४ मध्ये पोर्टलंड येथील हार्ड आणि ओ'ब्रायन यांच्या गटाने यावर उपाय प्रसिद्ध केला. हवा एका सूक्ष्म छिद्रातून अत्यंत कमी दाबाच्या कोठडीत सोडावयाची. दाब बाहेरच्या शतांशाहूनही कमी असल्याने ओझोन विरळ होतो, आणि उत्तेजित रेणू इतरांवर आदळून विझण्यापूर्वी प्रकाश टाकू शकतो. लेसरही पुढे ३०८ नॅनोमीटरचा आला, ज्याने ओझोन कमी फुटतो. आज जगात वापरात असलेली बहुतेक उपकरणे या कुळातील आहेत.

तिसरी रीत सर्वांत आडवळणाची, आणि कदाचित म्हणूनच सर्वांत मनोज्ञ. फ्रेड आयझेले व डेव्हिड टॅनर यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत हायड्रॉक्सिलला पाहिलेच जात नाही. हवेत सल्फर डायऑक्साइड मिसळतात, परंतु त्यातील गंधक हे ३४ वस्तुमानाचे दुर्मिळ समस्थानिक असते. हायड्रॉक्सिल त्याचे गंधकाम्ल बनविते, नायट्रेट आयनाच्या साहाय्याने त्या अम्लाचा आयन होतो आणि तो वस्तुमानमापकात ९९ या अंकावर मोजला जातो. हवेत आधीपासून असलेले साधे गंधकाम्ल ९७ वर पडते. त्यामुळे जुने आणि नवे यांची गल्लत होत नाही. शिवाय ठराविक काळाने प्रोपेन सोडून हायड्रॉक्सिल आधीच नष्ट करतात आणि तरीही काही आकडा उरतो का, हे पाहतात. हा शेवटचा तपशील किरकोळ वाटेल. पुढील सर्व कथानक त्याच्याभोवती फिरते.

याखेरीज पेरॉक्सी मूलकांसाठी रासायनिक वर्धकाची एक युक्ती कँट्रेल व स्टेडमन यांनी १९८२ मध्ये काढली. एका मूलकामागे शंभरावर नायट्रोजन डायऑक्साइडचे रेणू निर्माण व्हावेत अशी ती साखळी असते. पण हवेतील दमटपणाने साखळीची लांबी घटते हे १९९८ मध्ये दिसून आले आणि आधीच्या आकड्यांवर सावट पडले. हवेतील मूलके द्रव नायट्रोजनच्या तापमानाला गोठवून चुंबकीय अनुस्पंदनाने ओळखण्याची युलिशची रीत ओळखीच्या बाबतीत निर्विवाद होती, परंतु एका नमुन्याला अर्धा तास लागे.

आता तुलनांकडे वळावे. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने १९८३ मध्ये वॉलॉप्स बेटावर जी पहिली संघटित तुलना घडविली, तीत उपकरणांची संवेदनक्षमताच अपुरी पडली. निर्णय होण्याजोगे काही हाती आले नाही. १९९३ मध्ये कोलोरॅडोच्या डोंगरात एका बाजूस सुमारे २० किलोमीटरांचा प्रकाशमार्ग आणि दुसऱ्या बाजूस एका ठिकाणची हवा आत घेणारी उपकरणे, अशी गाठ घालण्यात आली. तेथे प्रश्न उपकरणांचा की हवेचा, हेच अनेकदा सांगता येईना. लांब मार्गावरची हवा आणि टेकडीवरची हवा एकच असेल याची हमी कोण देणार? १९९४ च्या ऑगस्टमध्ये मेक्लेनबुर्गमधील मक्याच्या शेतात शोषण आणि अनुस्फुरण यांची उपकरणे एकमेकांच्या निकट ठेवली गेली व त्यांचे चांगले जुळले. या सर्वांची परिणती २००५ च्या उन्हाळ्यात युलिश येथे झालेल्या औपचारिक तुलनेत झाली. तिचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या विषयातील जवळजवळ प्रत्येक लेखक तेव्हापासून त्याचा आधार घेत आला आहे. प्रस्तुत चिकित्सेचा विषय मुख्यतः हा वृत्तांत आणि त्याचे वाचन हा आहे.

वृत्तांत सचोटीचा आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. सहा उपकरणे यशस्वीपणे सहभागी झाली: चार अनुस्फुरणाची, एक आयनांचे, एक शोषणाचे. तीन दिवस मोकळ्या हवेत आणि सहा दिवस 'साफिर' या प्रचंड प्रयोगकक्षात मापने झाली. कोणत्याही गटास दुसऱ्याचे आकडे आपले आकडे सादर करण्यापूर्वी पाहता येत नव्हते. कक्षात उपकरणांच्या आकड्यांचे परस्परप्रमाण १.०१ ते १.१३ या मर्यादेत पडले. मोकळ्या हवेत ते १.०६ ते १.६९ पर्यंत पसरले. सहसंबंधाचा वर्ग ०.७५ ते ०.९६ होता. ओझोन, पाण्याची वाफ, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेरॉक्सी मूलके यांच्यामुळे मापनात दखलपात्र बिघाड होत असल्याचे आढळले नाही, असा निर्वाळा देण्यात आला. अंशशोधनात सुधारणेस वाव असल्याचेही नमूद झाले.

या विधानांचे मोल ठरविताना प्रथम सहसंबंध बाजूस काढावा. हायड्रॉक्सिल सूर्याबरोबर उगवते आणि सूर्याबरोबर मावळते. दिवसा वाढणारी व रात्री घटणारी कोणतीही राशी मोजणारी दोन उपकरणे परस्परांशी उत्तम सहसंबंध दाखवितील; इतकेच नव्हे, तर एखाद्या उपकरणात शिरलेली भेसळही उन्हाबरोबरच वाढत असेल तर तीही त्या सहसंबंधाला मुळीच बाधा आणणार नाही. ०.९६ या आकड्यात उपकरणांचा वाटा किती आणि सूर्याचा किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

उरतो परस्परप्रमाणाचा आकडा, आणि येथे पाठचिकित्सेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम चालू असताना विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत जी तत्त्वे सिद्ध केली, त्यांचा गाभा असा होता की, एखादा पाठ किती प्रतींत आढळतो याला महत्त्व नाही. ज्या प्रतींत तो आढळतो त्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत, याला आहे. एकाच मातृकेवरून उतरलेल्या वीस पोथ्या वीस साक्षी होत नाहीत. ती एकच साक्ष वीसदा ऐकलेली असते. स्वतंत्र शाखांची एकवाक्यता मात्र, साक्षी दोनच असल्या तरी, मूळ पाठाकडे बोट दाखविते. याच संदर्भात आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. दोन पोथ्यांचे साम्य दोन कारणांनी उद्भवते: लेखकाने दुसरी पोथी समोर ठेवून पाठ जुळवून घेतला म्हणजे संकर झाला म्हणून, किंवा दोघींचा पूर्वज एक म्हणून.

युलिशच्या तुलनेत आकडे परस्परांपासून गुप्त ठेवण्याची जी शिस्त पाळली गेली, तिने संकराचा बंदोबस्त चोख केला. शेजाऱ्याचा आकडा पाहून आपला आकडा नकळत सुधारण्याचा मोह तेथे संभवतच नव्हता. परंतु समान पूर्वजाचा प्रश्न या शिस्तीने सुटत नाही. तो तिच्या कक्षेतच येत नाही. सहांपैकी चार उपकरणे एकाच तत्त्वावर, म्हणजे सूक्ष्म छिद्र, कमी दाबाची कोठडी आणि ३०८ नॅनोमीटरचा लेसर यांवर आधारलेली होती. त्या कोठडीत शिरल्यावर हवेचे जे काही होते, ते चारही ठिकाणी थोड्याफार फरकाने होणार. मोकळ्या हवेतील तीन दिवसांच्या तुलनेत शोषणाच्या उपकरणाचा भागच नव्हता. तेथे भिन्न वंशाची साक्ष एकट्या आयनपद्धतीची होती.

आणि ती तरी किती भिन्न? येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, जी वृत्तांतांतून लपविलेली नसते, पण ठळक अक्षरांत छापलेलीही नसते. अनुस्फुरणाची आणि आयनांची, दोन्ही उपकरणे स्वतःहून हायड्रॉक्सिलचे रेणू मोजीत नाहीत. ती केवळ संकेत देतात, आणि त्या संकेताचा किती रेणूंशी मेळ घालावयाचा हे ज्ञात प्रमाणाच्या हवेवर पारखून ठरवावे लागते. हायड्रॉक्सिल साठवून ठेवता येत नसल्याने ही ज्ञात हवा त्या क्षणी निर्माण करावी लागते. त्यासाठी पाऱ्याच्या दिव्याच्या १८४.९ नॅनोमीटरच्या प्रकाशाने पाण्याची वाफ फोडतात. दोन्ही वंश पारखले जातात ते या एकाच निकषावर. १९९७ मध्ये पाण्याच्या त्या तरंगलांबीवरील शोषणक्षमतेची नव्याने मोजणी झाली, आणि ती पूर्वी रूढ असलेल्या मूल्यापेक्षा ठळकपणे मोठी निघाली. त्याबरोबर त्या निकषावर उभे असलेले आकडे, मग ते कोणत्याही रीतीने काढलेले असोत, एकदम एकाच दिशेने सरकावे लागले; ते परस्परांशी जितके जुळत होते तितकेच जुळत राहिले. एकवाक्यता आणि सत्य यांतील अंतर याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण शोधून सापडणार नाही. या कसोटीपासून सर्वस्वी मुक्त अशी साक्ष शोषणपद्धतीचीच. प्रयोगकक्षातील १.०१ ते १.१३ हे आकडे म्हणूनच मोलाचे आहेत; उपकरणे अधिक होती म्हणून नव्हे, तर त्यांत एक परका होता म्हणून.

वृत्तांतातील निर्वाळ्याचे वाक्य आता पुन्हा वाचावे. बिघाड न आढळण्याविषयीच्या त्या विधानात चार नावे आहेत. त्या चार द्रव्यांपुरते विधान खरे होते आणि आहे. पण पुढील वर्षांत वातावरणविषयक लिखाणात त्याचा जो हवाला दिला जाऊ लागला, त्यात ती चार नावे हळूहळू गळून पडली आणि 'अनुस्फुरणपद्धती निर्दोष ठरली आहे' एवढा अर्थ मागे राहिला. भाष्यकारांच्या हातून सूत्राचे असे होणे नवे नाही. विशेषणे प्रथम झडतात, मग मर्यादा, आणि अखेर नुसते विधेय शिल्लक राहते.

विधानाचा हा अर्थसंकोच निरुपद्रवी नव्हता. २००५ च्या ऑक्टोबरात मेन्झ येथील माक्स प्लांक संस्थेच्या विमानाने सुरिनाम व आसपासच्या वर्षावनावरून जी मापने केली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. आयसोप्रीनने भरलेल्या त्या हवेत हायड्रॉक्सिल जवळजवळ संपून जावयास हवे होते. प्रत्यक्षात ते गणिताच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आढळले. यावरून असा सिद्धांत पुढे आला की, वन स्वतःच हायड्रॉक्सिलचा ४० ते ८० टक्के भाग परत निर्माण करते. २००६ मध्ये चीनच्या पर्ल नदीच्या मुखप्रदेशात युलिशच्या गटाला अपेक्षेच्या तीन ते पाच पट आकडे मिळाले, आणि २००९ मध्ये तेथेही अज्ञात पुनर्निर्मितीचे प्रतिपादन झाले. त्याच वर्षी आयसोप्रीनपासून निघालेल्या पेरॉक्सी मूलकांच्या अंतर्गत पुनर्रचनेतून हायड्रॉक्सिल परत मिळण्याचा मार्ग सैद्धांतिक गणिताने सुचविला गेला. म्हणजे मिथेन किती वर्षे टिकतो, वनांची हवा स्वतःला कितपत शुद्ध करते, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे एका आकड्याच्या खरेपणावर येऊन ठेपली.

२०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गटाने कॅलिफोर्नियातील ब्लॉजेट वनात २००९ साली केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वनातील पाइन वृक्षांमध्ये उभारलेल्या अनुस्फुरणाच्या उपकरणाला त्यांनी आयनपद्धतीतला तो 'किरकोळ' तपशील जोडला होता. रूढ रीत अशी की, लेसरची तरंगलांबी हायड्रॉक्सिलच्या रेषेवरून किंचित बाजूस सरकवावयाची. तेव्हा जो प्रकाश उरतो तो पार्श्वभूमी मानून वजा करावयाचा. या वजाबाकीत विखुरलेला प्रकाश जातो, इतर रेणूंची झाक जाते. पण कोठडीच्या आतच निर्माण झालेले हायड्रॉक्सिल जात नाही, कारण तेही हायड्रॉक्सिलच असते. ते उघडकीस आणण्यास बाहेरचे मूलक प्रवेशद्वारापाशीच नष्ट करणारे द्रव्य सोडून, आत काय उरते ते पाहावे लागते. तसे केल्यावर रूढ रीतीने मिळणाऱ्या आकड्याच्या सरासरी ४० ते ६० टक्के एवढेच खरे हायड्रॉक्सिल असल्याचे दिसून आले. उरलेले कोठडीत जन्मलेले होते. फिनलंडच्या हुटियाला येथील व इतरत्रच्या वनांत मेन्झच्या गटानेही या प्रकारची भर आढळल्याचे २०१४ मध्ये सांगितले. तिचा उगम ओझोन आणि वृक्षजन्य संयुगांच्या विक्रियेतील मध्यस्थ द्रव्यांत असावा असे अनुमान निघाले. २०१९ मध्ये हायड्रॉक्सिल आणि पेरॉक्सी मूलके यांच्या संयोगातून होणाऱ्या ट्रायऑक्साइडांवरही संशय व्यक्त झाला.

वंशावळीचे महत्त्व येथे अक्षरशः दिसते. सुरिनामवर उडालेले मेन्झचे उपकरण मूळ पेनसिल्व्हेनियाच्या घडणीवर बेतलेले होते. ब्लॉजेटचा निकाल म्हणून त्याला थेट लागू पडण्याची शक्यता होती. युलिशच्या उपकरणाची घडण वेगळी. २०१२ मध्ये प्रयोगकक्षात आयसोप्रीन व त्यापासून निघणारी द्रव्ये घालून त्याची शोषणपद्धतीशी तुलना झाली, तेव्हा दखलपात्र भेसळ आढळली नाही, आणि २०१३ मध्ये त्याच कक्षात आयसोप्रीनपासून हायड्रॉक्सिलची काही पुनर्निर्मिती खरोखरच होत असल्याचा पुरावा मिळाला. तेव्हा वर्षावनावरचे सर्व आधिक्य उपकरणाचा भास होता असा निष्कर्ष काढणे, हे ते सर्व आधिक्य वनाचेच होते असे मानण्याइतकेच घाईचे होईल. 'अनुस्फुरणपद्धती' या एका सामान्यनामाखाली दोन भिन्न घराणी नांदत होती, आणि एकाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत होती, हा खरा दोष.

या ठिकाणी शब्दाचाही विचार करणे प्राप्त आहे. इंग्रजी लिखाणात या सर्व प्रकाराला 'इंटरफिअरन्स' म्हणतात. भाषाशास्त्राला हा शब्द परिचित आहे. यूरियल वाइनराइख यांनी १९५३ मध्ये द्विभाषिकाच्या बोलण्यात एका भाषेच्या प्रभावाने दुसरीत होणाऱ्या बदलांना तेच नाव दिले. तेथे तो शोभतो, कारण दोन व्यवस्था एकमेकींत खरोखरच शिरतात. मराठीत त्याचा रूढ प्रतिशब्द 'व्यत्यय', आणि तो येथे उलट्या दिशेने चुकतो. व्यत्ययाने काम अडते. येथे काम अडत नाही, उलट जोमाने होते आणि पदरात अधिक पडते. शिवाय दोन्ही शब्द दोष बाहेरच्या आगंतुकावर ढकलतात. १९७० नंतरच्या लेसरने ओझोन फोडला काय, किंवा कोठडीने एखादे मध्यस्थ द्रव्य फोडले काय, कर्ता दोन्ही वेळी उपकरणच होते. पहिल्यास 'भेसळ' आणि दुसऱ्यास 'उपकरणज भर' म्हटले, म्हणजे बाहेरून आलेल्या तोतयाची आणि घरात जन्मलेल्या खऱ्याची गल्लत होणार नाही, असे वाटण्याचा संभव आहे. पण उदाहरणे पाहता दोन्ही घटना दुसऱ्याच वर्गात बसतात. पहिल्या वर्गासाठी हायड्रोपेरॉक्सीकडे पाहावे लागते.

हायड्रोपेरॉक्सी मूलक अनुस्फुरणाने थेट दिसत नाही. नायट्रिक ऑक्साइड घालून त्याचे हायड्रॉक्सिल करतात आणि मग ते मोजतात. इतर सेंद्रिय पेरॉक्सी मूलके अशा रीतीने रूपांतरित होणार नाहीत, याची खात्री मिथेन व त्याच्या जवळच्या साध्या अल्केनांवर करून घेतली गेली होती, आणि त्यांच्यापुरती ती खरी होती. २०११ मध्ये युलिशच्या गटाने दाखविले की, आयसोप्रीनसह अल्कीने आणि सुगंधी संयुगे यांपासून निघणाऱ्या पेरॉक्सी मूलकांच्या बाबतीत हे रूपांतर कोठडीतल्या अल्पावधीतही होते, आणि त्यांच्या उपकरणात अनेकांची मोजणी हायड्रोपेरॉक्सीच्या ८० टक्क्यांहून अधिक संवेदनक्षमतेने होत होती. येथे तोतया खराच होता. नायट्रिक ऑक्साइड कमी घातले म्हणजे तो बराचसा वगळता येतो, हेही त्यातून कळले. चाचणीसाठी हाताशी असलेली, सोपी, सुस्वभावी द्रव्ये निवडली गेली आणि निष्कर्ष मात्र सर्व द्रव्यांविषयी उच्चारला गेला. राजधानीतल्या दोन सुशिक्षित निवेदकांवरून साऱ्या प्रांताच्या बोलीचे व्याकरण लिहावे, तसा हा प्रकार.

त्यानंतरच्या काही लेखांत हायड्रोपेरॉक्सीच्या संक्षेपावर एक तारांकन दिसू लागले. त्याचा अर्थ असा की, हा आकडा शुद्ध हायड्रोपेरॉक्सीचा नाही. त्यात इतर पेरॉक्सी मूलकांचा काही अंश आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही तारका पाहून क्षणभर थबकावेसे वाटेल, कारण तेथे ती प्रत्यक्ष न आढळलेल्या, केवळ अनुमानाने सिद्ध केलेल्या रूपावर घालतात. येथे अर्थ नेमका उलट आहे: तारांकित राशीच प्रत्यक्ष मोजलेली आहे, आणि तारका नसलेली, शुद्ध राशी अनुमानाची.

या उलटापालटीचा एक व्यावहारिक परिणाम २०११ पूर्वीच्या मापनांवर होतो. ती मापने तारकेशिवाय छापली गेली. ज्या हवेची ती होती ती हवा उरलेली नाही, आणि कित्येक उपकरणांच्या कोठड्या व नायट्रिक ऑक्साइडची मात्रा नंतर बदलण्यात आल्या आहेत. पोथी पुन्हा उघडून पाहता येते, तशी ही हवा पुन्हा उघडता येत नाही. अशा आकड्यांतून इतर मूलकांचा अंश वजा करावयाचा तर तो किती होता हे गणिती प्रतिरूपालाच विचारावे लागते. आणि ज्या प्रतिरूपाची परीक्षा घेण्यासाठी मापन केले, त्याच्याच सल्ल्याने मापन दुरुस्त केल्यास परीक्षक आणि परीक्षार्थी एकच होतात. काही संशोधकांनी याहून सरळ मार्ग धरला आहे: मोजलेला आकडा आहे तसा, तारकेसह, राहू द्यावयाचा आणि प्रतिरूपालाच ती तारांकित, मिश्र राशी काढावयास सांगावयाची. हायड्रॉक्सिलच्या जुन्या वनमापनांना मात्र हा मार्गही खुला नाही, कारण तेथे कोठडीत किती भर पडली हे ठरविण्याइतके तिचे कारणच निश्चितपणे हाती आलेले नाही. ते आकडे एकाच प्रतीवर टिकून असलेल्या श्लोकांप्रमाणे, शंकाचिन्हासह, संहितेत ठेवावे लागतात.